चोर सरहद्दीपलीकडे पळाला तर?

दोस्तांनो, पकडापकडी खेळताना एक ‘घर’ ठरवलेलं असतं. कधी देवळाचा खांब, कधी वडाचं खोड, कधी शाळेची पायरी. ज्याच्यावर राज्य असतं तो मागे लागतो, आपण जिवाच्या आकांताने पळतो आणि घराला हात लावतो. झालं! आता त्याला आपल्याला आउट करता येत नाही. तो नुसता समोर उभा राहून धापा टाकतो आणि आपण दात काढून त्याला चिडवतो.

आता समजा, हा खेळ नाही. पळणारा खराखुरा गुन्हेगार आहे. त्याने बँकेला कोट्यवधी रुपयांना बुडवलंय, नाहीतर कुणाचा तरी जीव घेतलाय. पोलीस त्याच्या घरी पोचतात तेव्हा पाखरू उडालेलं असतं. रात्रीच्या विमानात बसून स्वारी परदेशी! मग तो परदेश म्हणजे त्याचं ‘घर’ झालं का? आपले पोलीस तिथे जाऊन त्याच्या मुसक्या का आवळत नाहीत?

वर्तमानपत्रात तुम्ही ‘फरारी आरोपी’, ‘रेड कॉर्नर नोटीस’, ‘प्रत्यर्पण’ असे शब्द वाचता. मोठी माणसं त्यावर तावातावाने बोलतात. आज आपण हे सगळं काय प्रकरण आहे ते नीट समजून घेऊ. त्यात दोन खऱ्या गोष्टीही आहेत. एक शंभर वर्षांहून जुनी, एक अलीकडची.

पोलीस वेशीवर का थांबतो?

कोल्हापूरचा चोर बेळगावात जाऊन लपला, तर कोल्हापूरचे पोलीस तिथे जातात. तिथल्या पोलीस ठाण्यात नोंद करतात, त्यांची मदत घेतात आणि चोराला पकडून आणतात. राज्य बदललं तरी देश एकच, कायदा एकच. त्यामुळे फार अडत नाही.

पण देशाची हद्द ओलांडली की सगळंच बदलतं. आपल्या हवालदाराचा बिल्ला, त्याची काठी, त्याच्या खिशातलं कोर्टाचं वॉरंट, यांतलं काहीही तिकडे चालत नाही. तिथे तो पोलीस नसतो, फक्त एक पाहुणा असतो.

हे तुम्हाला अन्यायाचं वाटतं का? मग उलटा विचार करा. एखाद्या परक्या देशाचे पोलीस आपल्याला न विचारता नागपुरात उतरले, त्यांनी भर बाजारातून एका माणसाला उचललं आणि विमानात घातलं. आपल्याला चालेल? “हा आमचा देश आहे, इथे आमचा कायदा चालतो,” असंच आपण म्हणू ना! मग दुसऱ्यालाही तसं म्हणायचा हक्क आहेच. प्रत्येक देश आपल्या हद्दीत आपला मालक असतो. यालाच सार्वभौमत्व म्हणतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा शब्द पाठ करताना जीभ वळत नाही, पण अर्थ एवढाच.

आणि तरीही कुणी असं केलं तर? १९६० साली इस्राएलच्या हेरांनी अर्जेंटिनामधून अॅडॉल्फ आइकमन या माणसाला गुपचूप उचलून आपल्या देशात नेलं. हिटलरच्या राजवटीत लाखो ज्यूंना मरणाच्या छावण्यांकडे पाठवण्याची व्यवस्था पाहणारा हा अधिकारी. त्याच्या गुन्ह्याबद्दल कुणाला शंका नव्हती. तरी अर्जेंटिनाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार केली आणि परिषदेने इस्राएलला बजावलं, की असे प्रकार वारंवार झाले तर जगाची शांतता धोक्यात येईल. पुढे दोन्ही देशांनी आपसात मिटवलं. आइकमनवर खटला चालला आणि त्याला फाशी झाली. पण ‘वाईट माणूस आहे, मग उचला’ ही रीत जगाने मान्य केली नाही.

मार्सेलिसच्या धक्क्यावर

आता पहिली गोष्ट. हिचं आपल्या महाराष्ट्राशी थेट नातं आहे.

साल १९१०. नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर बॅरिस्टरीचं शिक्षण घ्यायला लंडनला गेलेले. तिथे त्यांनी इंग्रज सरकारविरुद्ध क्रांतिकार्य चालवलं. मार्च महिन्यात त्यांना लंडनमध्ये अटक झाली आणि खटल्यासाठी मुंबईला पाठवायचं ठरलं. तेव्हा इंग्लंड आणि हिंदुस्थान एकाच साम्राज्यात होते. त्यामुळे एकीकडून दुसरीकडे आरोपी न्यायला कुठल्या परक्या सरकारची परवानगी लागत नव्हती.

‘मोरिया’ बोट त्यांना घेऊन निघाली आणि वाटेत फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात थांबली. ८ जुलैच्या सकाळी सावरकर शौचालयात गेले, तिथल्या गोल खिडकीतून अंग आकसून बाहेर निसटले आणि त्यांनी समुद्रात उडी घेतली. पोहत पोहत ते धक्क्याला लागले, वर चढले आणि धावत सुटले.

ही उडी आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पण त्या जमिनीला पाय लागल्यावर कायद्याने काय झालं, ते फार कुणी सांगत नाही. बोटीवर होते तोवर ते इंग्रज पोलिसांच्या कैदेत होते. धक्क्यावर पाय टेकला आणि ते फ्रान्समध्ये आले! आता त्यांना हात लावायचा अधिकार फक्त फ्रेंच पोलिसांना. आणि फ्रान्सने त्यांना इंग्रजांच्या हवाली करायचं, तर त्यासाठी रीतसर मागणी, कागदपत्रं, चौकशी हे सगळं व्हायला हवं होतं. शिवाय राजकीय कारणासाठी लढणाऱ्याला परत करायचं नाही, असा तिथला रिवाज.

पण घडलं भलतंच. धक्क्यावरच्या एका फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडलं आणि थेट बोटीवर नेऊन इंग्रजांच्या ताब्यात दिलं. ना मागणी, ना चौकशी. दुसऱ्या दिवशी बोट निघूनही गेली.

मग गदारोळ उठला. फ्रान्समधली वर्तमानपत्रं आणि समाजवादी पुढारी म्हणू लागले, की आमच्या भूमीवरून माणूस असा कसा नेला? फ्रेंच सरकारने इंग्लंडकडे सावरकरांना परत मागितलं. इंग्लंड तयार होईना. शेवटी हे भांडण नेदरलँड्समधल्या हेग शहरात, आंतरराष्ट्रीय लवाद न्यायालयापुढे गेलं. पाच लवाद बसले. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला.

लवादांनी मान्य केलं, की ज्या तऱ्हेने कैद्याला सोपवलं ती रीत नियमाला धरून नव्हती. पण ते पुढे म्हणाले, की फ्रेंच पोलिसाने आपणहून त्यांना हवाली केलं, इंग्लंडने जबरदस्ती केली नाही की फसवणूक केली नाही. तेव्हा कैदी परत करायला इंग्लंड बांधील नाही. तोवर मुंबईत खटला उरकून सावरकरांना दोन जन्मठेपा, म्हणजे एकूण ५० वर्षांची शिक्षा झालेली होती. पुढे त्यांची रवानगी अंदमानला झाली.

चूक झाली म्हणायची, पण दुरुस्त करायची नाही! त्या काळीसुद्धा यावर पुष्कळ टीका झाली. म्हणूनच हे नियम आधी पक्के करून ठेवणं किती गरजेचं असतं, ते या गोष्टीतून कळतं. ऐन वेळी धक्क्यावरचा एक पोलीस गोंधळला, की एका माणसाचं सगळं आयुष्य बदलतं.

पाच चाळण्या

एका देशाने दुसऱ्या देशाकडे आरोपी मागायचा आणि त्या देशाने तो रीतसर सोपवायचा, याला प्रत्यर्पण म्हणतात. वर्तमानपत्रात ‘प्रत्यार्पण’ असंही छापतात. भारताचा यासाठी १९६२ सालचा कायदा आहे, आणि चाळीसहून जास्त देशांशी करार आहेत.

काम कसं चालतं, सांगते. पोलीस पुरावे गोळा करतात. कोर्ट वॉरंट काढतं. मग हे सगळे कागद दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात जातात. तिथून त्या देशातल्या आपल्या वकिलातीमार्फत तिकडच्या सरकारकडे. गरज असेल तर त्यांच्या भाषेत भाषांतर करून! मग तिथलं कोर्ट बसतं. आरोपीलाही तिथे वकील देता येतो. कोर्ट त्या मागणीला एकामागून एक चाळण्या लावतं. आई रवा चाळते ना, तसं.

पहिली चाळणी : तो गुन्हा दोन्ही देशांत गुन्हा आहे का? सिंगापूरमध्ये १९९२ पासून च्युइंगगम विकायला बंदी आहे. समजा, तिथे चोरून च्युइंगगम विकणारा माणूस पळून पुण्यात आला. आपण त्याला परत करू का? नाही. आपल्याकडे तो गुन्हाच नाही. (आणि बाईंना वर्गात च्युइंगगम चालत नाही, ती गोष्ट वेगळी!)

दुसरी चाळणी : पुरावा आहे का? नुसतं ‘हा आम्हाला हवाय’ म्हणून भागत नाही. संशयाला आधार दाखवावा लागतो.

तिसरी चाळणी : हे प्रकरण राजकीय तर नाही? सरकारविरुद्ध बोलला, लिहिलं, चळवळ केली म्हणून कुणाला परत मागत असतील तर देत नाहीत. पण बॉम्ब ठेवून निरपराध माणसं मारणारा ‘मी राजकारणासाठी केलं’ म्हणाला, तर तो बचाव चालू नये असं बहुतेक देशांनी करार करून ठरवलं आहे. संयुक्त राष्ट्रांचा १९९७ चा असा एक करार आहे.

चौथी चाळणी : एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला तर होत नाही ना? २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा अमेरिकेत होता. भारताने जून २०२० मध्ये त्याची मागणी केली. त्याचं म्हणणं, माझ्यावर अमेरिकेत एकदा खटला झालाय, आता पुन्हा नको. अमेरिकेतल्या एकेका कोर्टाने हा मुद्दा तपासला. भारतातले आरोप वेगळे आहेत, असं ठरलं. अखेर १० एप्रिल २०२५ ला त्याला दिल्लीला आणलं. मागणीपासून हिशेब केलात तर जवळजवळ पाच वर्षं. इथे आणल्यावरही तो आरोपीच. गुन्हा सिद्ध करायचं काम आपल्या कोर्टापुढेच होतं.

पाचवी चाळणी : नेल्यावर काय करणार? ज्या गुन्ह्यासाठी माणूस मागितला, त्याच गुन्ह्याचा खटला चालवायचा. एका कारणाने मागायचा आणि घरी आणल्यावर दहा नवी कलमं लावायची, असं चालत नाही. आणि कित्येक देशांत फाशीची शिक्षा नाही. ते आधी विचारतात, “तुम्ही याला फाशी देणार असाल तर आम्ही देणार नाही. शब्द द्या.” या शेवटच्या चाळणीचीच आपली दुसरी गोष्ट आहे. पण त्याआधी एका गैरसमजाची विल्हेवाट लावू.

इंटरपोलचा पोलीस कसा दिसतो?

सिनेमात इंटरपोलचा अधिकारी काळा गॉगल लावून, पिस्तूल रोखून येतो आणि गुन्हेगाराला बेड्या घालतो. खरं सांगू? असा अधिकारी कुठेच नाही!

इंटरपोल ही देशोदेशींच्या पोलिसांची संघटना. १९२३ साली व्हिएन्नामध्ये तिची सुरुवात झाली. आज तिचं मुख्य कार्यालय फ्रान्समधल्या लिऑन शहरात आहे. १९६ देश सभासद आहेत. भारत १९४९ पासून आहे. पण इंटरपोलला स्वतःहून कुणाला अटक करता येत नाही. ती निरोप पोचवते. तिचं काम गावच्या दवंडीवाल्यासारखं म्हणा ना! कुणाला धरायचं ते त्या त्या देशाचे पोलीस आपल्या कायद्याप्रमाणे ठरवतात. आपल्याकडे इंटरपोलशी बोलण्याचं काम दिल्लीतलं सीबीआय करतं.

या निरोपांना रंग आहेत. लाल नोटीस म्हणजे ‘हा माणूस हवा आहे, शोधा आणि सापडला तर धरून ठेवा’ अशी विनंती. हीच आपल्या वर्तमानपत्रातली रेड कॉर्नर नोटीस. निळी म्हणजे ‘याची माहिती हवी’. काळी म्हणजे ओळख न पटलेल्या मृतदेहाची. आणि पिवळी नोटीस कशासाठी असते? हरवलेल्या माणसांसाठी. त्यांत पुष्कळदा तुमच्याएवढी मुलं असतात. देशांची ही साखळी गुन्हेगार पकडायला जशी उपयोगी, तशीच एखाद्या आईला तिचं लेकरू परत मिळवून द्यायलाही.

इंटरपोलच्या घटनेत एक कलम आहे. राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक भानगडीत पडायचं नाही! म्हणजे इथेही ती तिसरी चाळणी आहेच.

लिस्बनला दिलेला शब्द

आता दुसरी गोष्ट.

१२ मार्च १९९३. शुक्रवारची दुपार. मुंबईत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, प्लाझा सिनेमा... २५७ माणसं मेली. सातशेहून जास्त जखमी झाली. ऑफिसातली, रस्त्यावरची, बसमधली साधी माणसं. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांना तो दिवस आठवत असेल.

या प्रकरणातला एक आरोपी अबू सालेम देश सोडून पळाला. सप्टेंबर २००२ मध्ये तो पोर्तुगालची राजधानी लिस्बन इथे सापडला. मुंबईपासून सुमारे आठ हजार किलोमीटरवर. भारताने त्याला मागितलं. तेव्हा भारत-पोर्तुगाल असा प्रत्यर्पण करारसुद्धा नव्हता. तो पुढे २००७ साली झाला.

पोर्तुगालची अडचण वेगळीच होती. त्या देशाने साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ सालीच बंद केली आहे. जन्मठेपही नाही. तिथे कितीही मोठा गुन्हा असो, जास्तीत जास्त शिक्षा २५ वर्षं. त्यांनी विचारलं, “आमच्याकडून नेलेल्या माणसाला तुम्ही काय कराल?”

डिसेंबर २००२ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने लेखी शब्द दिला : याला फाशी होणार नाही, आणि २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगात ठेवणार नाही. मग तिथल्या कोर्टांत सुनावण्या झाल्या आणि नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम भारतात आला.

गोष्ट इथे संपली नाही. भारतात त्याच्यावर आणखी काही कलमं लागली. त्यांत फाशीची शक्यता असलेलीही कलमं होती. २०११ साली लिस्बनच्या कोर्टाने म्हटलं, की भारताने शब्द मोडला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. पाचवी चाळणी आठवली ना? शेवटी २०१३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ते जादा आरोप मागे घेतले गेले.

सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने सालेमला बॉम्बस्फोटाच्या खटल्यात जन्मठेप दिली. त्याच दिवशी, त्याच खटल्यात दुसऱ्या दोघांना फाशीची शिक्षा झाली. मग प्रश्न आला, की जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत? का २५ वर्षं?

११ जुलै २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की न्यायालयाने जन्मठेप दिली ती कायद्याप्रमाणे दिली. पण सरकारने दुसऱ्या देशाला शब्द दिला आहे, तेव्हा २५ वर्षं भरल्यावर त्याला सोडण्यासाठी पावलं उचलायला सरकार बांधील आहे.

वर्गात दोन तट

ही गोष्ट मी सातवीच्या वर्गात सांगितली. क्षणभर वर्ग चिडीचूप. मग एकदम कल्ला. वर्गाचे सरळ दोन तट पडले.

एक मुलगा उभा राहून म्हणाला, “बाई, २५७ माणसं मेली. त्यांच्या घरच्यांना कुणी शब्द दिला होता का? अशा माणसासाठी कसला शब्द पाळायचा?”

मुलांनो, हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. ज्यांची माणसं गेली, त्यांना २५ वर्षांचा हिशेब थंडपणे कसा ऐकवायचा? त्यांचा राग खरा आहे. तो कुणी चुकीचा म्हणू नये.

एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “पण बाई, शब्द दिला नसता तर तो आलाच नसता. लिस्बनमध्येच राहिला असता.”

आणि दुसरी म्हणाली, “शब्द त्याला दिलाच नाही. शब्द पोर्तुगालला दिला.”

पोरींनी अगदी नेमकं बोट ठेवलं. भारताने तो शब्द गुन्हेगाराला बक्षीस म्हणून दिला नव्हता. एका देशाने दुसऱ्या देशाला तो दिला होता, आणि त्या शब्दाच्या बदल्यातच खटला चालवायची संधी मिळाली. खटला चालला म्हणून गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा झाली. आता काम झालं म्हणून शब्द फिरवला तर? उद्या दुसरा आरोपी दुसऱ्या देशात सापडेल. तिथलं कोर्ट म्हणेल, “भारताचा शब्द? तो आम्ही पाहिलाय!” आणि मागणी परत येईल. नुकसान कुणाचं? पुढच्या गुन्ह्यात ज्यांची माणसं जातील, त्यांचं.

दोन देशांच्या वर बसलेला कुणी हेडमास्तर नसतो. छडी घेऊन शब्द पाळायला लावणारं कुणी नाही. म्हणून इथे विश्वासावरच सगळं चालतं. किराणा दुकानात उधारीची वही असते तशीच. एकदा बुडवलं, की वही बंद.

आणि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. मार्सेलिसला नियम पाळला गेला नाही, आणि देशासाठी लढणारा माणूस चौकशीशिवाय परक्या सरकारच्या हाती गेला. लिस्बनला नियम पाळले गेले, आणि त्याचा फायदा बॉम्बस्फोटातल्या एका दोषी माणसालाही मिळाला. दोन माणसं अगदी वेगळी, नियम मात्र तेच. चाळणी समोरच्या माणसाचं तोंड पाहून मोठी-बारीक करता येत नाही. तशी केली तर ज्याला तिची खरी गरज आहे, त्याच्या वेळी ती फाटकी निघेल.

आता चोर विमानातही बसत नाही

पूर्वी गुन्हा करून चोर परदेशी पळायचा. आता तो परदेशातच बसून गुन्हा करतो! मोबाइलवर फोन येतो, कुणी ‘मी पोलीस बोलतोय’ म्हणून घाबरवतं आणि आजोबांच्या खात्यातले पैसे गायब होतात. फोन करणारा एका देशात, पैसे दुसऱ्या देशात, कॉम्प्युटर तिसऱ्या देशात आणि रडणारे आजोबा आपल्या गावात. यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सायबर गुन्ह्यांविरुद्ध एक नवा करार मंजूर केला. पुरावे एकमेकांना लवकर कसे द्यायचे, हे त्यात आहे. त्यावर वादही चालू आहेत, कारण काहींना भीती वाटते की सरकारं याचा वापर विरोधकांवर करतील. पाहा, पुन्हा आली ती तिसरी चाळणी!

तेव्हा पुढच्या वेळी ‘अमका अजून परदेशातच, सरकार झोपलंय का?’ असं कुणी म्हणालं, तर घाईने मान डोलवू नका. कधी सरकारची ढिलाई असते, कागद अपुरे असतात, हेही खरं. पण कधी दूरच्या एखाद्या कोर्टात एक न्यायाधीश चाळणी हातात घेऊन बसलेला असतो. त्याचं काम सावकाश चालतं, आणि ते नीट व्हावं यातच आपलं हित आहे.

तुम्हीच करून पाहा

१. या आठवड्याच्या वर्तमानपत्रांतून ‘प्रत्यर्पण’ किंवा ‘रेड कॉर्नर नोटीस’ असलेली बातमी कापून वहीत चिकटवा. मागणी कुणी केली, कुणाकडे केली, ते लिहा.

२. जगाच्या नकाशात मार्सेलिस, हेग, लिऑन आणि लिस्बन शोधा. मुंबईहून लिस्बनला समुद्रमार्गे जायचं तर कोणकोणते समुद्र लागतील?

३. एका देशात पतंग उडवणं गुन्हा आहे. तिथला एक मुलगा पतंग उडवून आपल्या गावी पळून आला. त्या देशाने त्याला परत मागितलं. तुम्ही न्यायाधीश आहात. कोणती चाळणी लावाल?

४. वर्गात दोन गट करा. विषय : ‘वाईट माणसाच्या बाबतीत दिलेला शब्द पाळावा का?’ एक अट आहे. अर्ध्या वेळानंतर दोन्ही गटांनी बाजू बदलायची, आणि मघाशी ज्याचं खोडून काढत होतात, तेच आता पटवून द्यायचं!